काकवीच्या रंगाचं पान

मी आयुष्यात एकदाही विडी ओढली नाही. वळल्या मात्र नऊ वर्षांची असल्यापासून, गुडघे दुखून मांडी घालता येईना तोपर्यंत. त्या रविवारी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये मी पोळ्या लाटत होते. गॅलरीतून तो वास आला आणि माझं लाटणं थांबलं. काही पेटलेलं नव्हतं. एका लाकडी डब्याचं झाकण उघडलं होतं, तेवढंच. पण भवानी पेठेतलं आमचं पत्र्याचं घर, दाराशी भिजत घातलेली पानं, अम्माचा पदर, सगळं त्या डब्यातून बाहेर आलं आणि ओट्याशी येऊन उभं राहिलं.

त्या घरी मी चार वर्षांपासून स्वयंपाक करते. घरात दोघंच, सर आणि ताई. सर बँकेतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी ताईंनी मला विचारलं होतं, "मावशी, तंबाखूबिंबाखू नाही ना? आधीची बाई मळायची. पोळीला वास यायचा, म्हणून काढली तिला." मी नाही म्हटलं. ते खरं होतं. "आधी काय काम करायचात?" असं विचारल्यावर माझ्या तोंडून "शिवण" असं निघून गेलं. ते खरं नव्हतं. मी कुंभारीला राहते. तिथे घरटी एक तरी बाई विड्या वळणारी, म्हणून मी गावाचं नावही सांगत नाही. अक्कलकोट रोडला राहते, म्हणते. रोज कामाला निघण्याआधी हात लिंबाच्या सालीनं घासते. विड्या सुटून पाच वर्षं झाली, तरी घासते.

डबा आणला होता ताईंच्या जावयांनी, निखिलरावांनी. ते परदेशात असतात, पंधरा दिवसांसाठी एकटेच आले होते. डब्यात सिगारी होत्या, दोन ओळींत मांडलेल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा पाहिल्या. आमची विडी करंगळीहून बारीक, ही अंगठ्याहून जाड. वरचं पान काळं, पण कोळशासारखं नाही. काकवीसारखं. उन्हात धरलं की लाल दिसावं असं काळं. त्यावर शिरा इतक्या बारीक की बघून मला वाटलं, हे पान निवडणारी बाई फार नजरेची असणार.

"हात लावून बघा मावशी," निखिलराव म्हणाले. "तेलकट लागतं. हे पान ढीग रचून महिनोन्महिने मुरवतात, तेव्हा असा रंग येतो. आणि सगळं हातानं वळलेलं. मशीन नाही."

मी हात पदराखाली घेतला.

सासरे-जावई दोघे गॅलरीत बसले. निखिलरावांच्या मांडीवर एक वही होती. सिगारीची चव बघायची आणि तिला मार्क द्यायचे, हा त्यांचा छंद.

"बाबा, धूर तोंडात धरा. गिळायचा नाही. काय जाणवतंय?"

"ठसका जाणवतोय."

"आणि त्याच्या मागे?"

"मागे तुमच्या सासूबाई जाणवतायत."

ताई खरंच दारात उभ्या होत्या. "पडदे धुवायला तुम्हीच न्यायचे," म्हणाल्या आणि आत आल्या.

निखिलराव लिहीत राहिले. मनुका, कॉफी, जुनं चामडं. सर म्हणाले, "मला तर शेंगा भाजल्याचा वास येतोय." "मग लिहितो की, शेंगा." दोघे हसले.

मी आत भांडी विसळत होते. मला कुणी विचारलं नव्हतं. पण माझ्याही डोक्यात यादी होत होती. ओलं गोणपाट. चिमणीचं रॉकेल. अम्माचा घाम, मानेवरचा. दोऱ्याचा पत्र्याचा डबा उघडल्यावरचा गंज. तंबाखूच्या बोटांनी खाल्लेली भाकरी, जी आम्हाला कधी कडू लागली नाही, कारण बिनकडू भाकरी आम्हाला ठाऊकच नव्हती.

अम्मा संध्याकाळी पानं भिजवायची. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पण पानाला तीही पानच म्हणायची, कारखान्यात तो शब्द होता म्हणून. पानं भिजली की निथळून गोणपाटात गुंडाळायची आणि वर पाणी शिंपडायची. तिचा हात थेंबाथेंबानं झटकला जायचा, देवळात तीर्थ शिंपडावं तसा. सकाळी गोणपाट उघडलं की वाफेसारखा वास यायचा, जंगलाचा. जंगल मी आजवर पाहिलेलं नाही. मग कात्री चालायची. विडीच्या मापाचा पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कच कच कच. सगळ्या गल्लीतून तोच आवाज. कुठल्या घरात आवाज थांबला की शेजारीण हाक मारायची, "काय गं, बरी हायेस न्हवं?"

पान ओलं आहे का, हे अम्मा अंगठ्यानं बघायची. पानाच्या पाठीवरून अंगठा एकदाच, हळू, फिरवायचा. त्याच्या नखाला विड्यांची तोंडं दुमडून दुमडून खाच पडलेली होती. तो अंगठा फिरला की पानाचं सगळं तिला कळायचं. जास्त ओलं असेल तर विडी बुरसते. कोरडं असेल तर तडकते. मधलं जे असतं ते सांगता येत नाही. बोटाला कळतं.

बुधवारी मी गच्चीवर कुरडया घातल्या. खाली आले तर ताई शोकेससमोर नाकाला पदर लावून उभ्या. "मावशी, ह्या डब्याला कुबट वास येतोय. आत काहीतरी ओलं पुडकं ठेवलंय बघा. बुरशी धरेल ना. ते फेका आणि डबा उघडून उन्हाला ठेवा. निखिलरावांना काही कळत नाही ह्यातलं."

आमच्याकडे एप्रिलमध्ये सगळंच उन्हाला ठेवतात. मिरच्या, गहू, गाद्या, पापड, डाळी. ताईंचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण मला ठाऊक होतं. पानाला ऊन चालत नाही. ते पुडकं पान जगावं म्हणूनच ठेवलेलं असणार. सांगणारच होते. पण शिवणकाम करणाऱ्या बाईला पानाचं काय कळणार? आणि कळत असेल तर कसं?

मी पुडकं फेकलं आणि डबा घेऊन जिना चढले. कुरडयांशेजारी ठेवला. झाकण उघडलं. पाय भाजत होते, तरी मी तिथे थोडा वेळ उभी राहिले.

असंच ऊन होतं, मी चौथीत होते तेव्हा. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन दुपारी घरी आले होते. अम्मा पाण्याला गेली होती. जाताना सांगून गेली, "बिड्डा, पानावर पाणी मार." बिड्डा म्हणजे लेकरू. घरात पत्रा तापून आग ओकत होता. पानावरचं गोणपाट थंडगार होतं. मी ते काढलं, जमिनीवर अंथरलं आणि त्यावर आडवी झाले. गालाला असं गार लागलं की बस. पेपर चांगला गेला होता. पाचवीची पुस्तकं कुणाकडून मिळतील, हे मनात मोजत होते. तशीच झोप लागली.

अम्मानं हलवून उठवलं तेव्हा उन्हं कलली होती. पानं वाळून कुरकुरीत झालेली. गोणपाट मात्र जागच्या जागी होतं, पानांवर. मला वाटलं, झोपेत मीच उठून ठेवलं असेल. अम्मा माझ्याकडे बघत बसली होती. तिनं माझ्या गालावरून अंगठा फिरवला. "तोंड धू," म्हणाली. बस, इतकंच. मग वाळलेल्या पानांवर पाणी मारून ती वळायला बसली. दुसऱ्या दिवशी माल द्यायचाच होता.

वाळून मेलेलं पान पाण्यानं जिवंत होत नाही. कारखान्यात माल तपासणाऱ्या चेकरनं विड्यांचा पहिला कट्टा हातात घेतला, दाबला, आणि विड्या तोंडाशी तडकल्या. दुसरा घेतला. तिसरा. खराब विडीला आम्ही छाट म्हणतो. त्या दिवशी अम्माचं सगळं सूप छाट निघालं. रांगेतल्या बायका मान वाकडी करून बघत होत्या.

"काय गं," चेकर म्हणाला, "विड्या आणल्यास का पापड? कुणी वळल्या ह्या?"

मी अम्माच्या मागे उभी होते. तिचा पदर माझ्या मुठीत होता.

"माझ्याच हातचं हाय, साहेब," अम्मा म्हणाली.

आठ दिवस तिला कारखान्यातून पान मिळालं नाही. नवव्या दिवशी तिच्या सुपाशेजारी एक लहान सूप मांडलेलं होतं. शाळेचं कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. बसले. अम्मा जाईपर्यंत मी तिच्या शेजारी बसून वळत होते. शेवटी शेवटी खोकल्यानं तिचं सूप मांडीवरून घसरायचं. हजार वेळा वाटलं की सांगावं, गोणपाट मी काढलं होतं. कात्रीचा आवाज चालू असायचा. आज नको, असं करता करता राहून गेलं.

बुधवारी संध्याकाळीच मी डबा मिटून शोकेसमध्ये परत ठेवला होता. पुढच्या रविवारी निखिलरावांनी तो उघडला. मी कांदा चिरत होते. त्यांचा आवाज नाही आला, म्हणून मी वर बघितलं. त्यांनी एक सिगार कानाशी धरून दाबली होती. तो आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. वाळलेल्या पानाचा आवाज मी कुठूनही ओळखेन.

"आतलं पुडकं कुठंय?" ते म्हणाले. "हे कुणी उन्हात ठेवलं होतं का?"

सरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंचा चेहरा उतरला होता. जावयाची वस्तू, तीही आवडीची. त्या म्हणाल्या, "मावशीनं वाळवणाबरोबर नेला असेल गच्चीवर. मावशी?"

चार वर्षं ह्या बाईंच्या ताटात मी गरम पोळी वाढली. हातातली सुरी खाली ठेवली आणि बाहेर आले. काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं. सांगितलं तर ताई जावयासमोर खोट्या पडणार, आणि उद्या मला दुसरं घर बघावं लागणार. नाही सांगितलं तरी बहुतेक तेच. तोंड उघडलं आणि जे आलं ते माझं नव्हतंच.

"माझ्याच हातचं हाय, साहेब."

अम्माचा आवाज. तोच खाली झुकलेला, कोरडा. मीच दचकले. ताईंनी मान फिरवली.

निखिलराव रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "जाऊ दे मावशी, तुम्हाला काय माहीत. गेल्या आता ह्या."

"गेल्या न्हाईत," मी म्हटलं. हेही माझ्या नकळत. "पाणी न्हाय मारायचं. हळूहळू ओल द्यावी लागतीय. आठ दिवस माझ्याकडं द्या."

"तुमच्याकडे?"

"हितंच. स्वैपाकघरात."

मी एक कोरा माठ घेतला. जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा भिजवून, घट्ट पिळून तळाशी घातला. त्यावर वाटी उपडी, वाटीवर ताटली, ताटलीत सिगारी. वर झाकण. पाणी कुठेच नाही, नुसती ओल. इतक्या जवळून वास आला, तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं आणि बोट जिभेला लावलं. आधी गोड, खजुरासारखं. मग कडू. मग बराच वेळ काहीतरी राहिलं, त्याला मला नाव नाही. इतकी वर्षं विड्या वळल्या, आणि तंबाखूची चव मुद्दाम अशी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, तीही दुसऱ्याच्या घरात, चोरून.

तो आठवडा ताई माझ्याशी भाजीपुरतं बोलल्या. दोडका आहे, मेथी आहे. मी रोज माठाचं झाकण काढून अंगठा फिरवायची. मंगळवारी पान अजून कागद होतं. गुरुवारी थोडं नमलं. शनिवारी अंगठ्याखाली ते हललं, जिवंत असल्यासारखं, आणि मला एकदम रडू आलं. ताई दारात होत्या.

रविवारी मी सिगारी ताटात मांडून गॅलरीत नेल्या. दोन उललेल्या होत्या, त्या वेगळ्या. बाकीच्या निखिलरावांनी एकेक करून दाबून पाहिल्या, हुंगल्या. "अहो, ह्या आणल्या तेव्हा होत्या तशाच झाल्यात," म्हणाले. त्यांनी एक उचलली. ती मी ठेवताना बोटांतून फिरवली होती.

"ती नका घेऊ," मी म्हटलं. "ती छाट हाय."

"म्हणजे?"

"वरून गोरीगोमटी. आत मधी पोकळ हाय. हितं." मी लांबूनच बोट दाखवलं. "हितपर्यंत आली की विझतीया."

सर हसले. "निखिलराव, तुमच्या वहीला परीक्षक मिळाला."

"मग हीच पेटवू या की, बाबा. बघू कोण जिंकतंय."

ती पेटली. दोघांनी आलटून पालटून चव घेतली. मनुका आल्या, कॉफी आली, सरांच्या शेंगाही आल्या. निखिलराव मार्क लिहायला लागले. मी आत जायला वळले होते. तेवढ्यात सर म्हणाले, "अहो, विझली." निखिलरावांनी पुन्हा काडी लावली. धूर येईना. त्यांनी ती मधोमध उकलली. आत बोटभर जागा रिकामी होती, मी दाखवली तिथेच.

निखिलराव माझ्याकडे बघत राहिले. "मावशी, हे तुम्हाला कसं कळलं?"

ताई दाराशी आल्या होत्या. मला त्यांची पहिल्या दिवसाची वाक्यं आठवत होती. पोळीला वास यायचा, म्हणून काढली.

"विड्या वळल्यात," मी म्हटलं. "नऊ वर्षांची असल्यापासनं. शिवण न्हवतं, ताई."

कुकरची शिट्टी झाली. मी तशीच उभी. ताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि जावयाकडे बघून म्हणाल्या, "डबा उन्हाला ठेवायला मी सांगितलं होतं. पुडकंही मीच फेकायला लावलं. त्यांनी माझं ऐकलं, एवढंच."

मला त्यांच्याबद्दल राग यायला हवा होता, किंवा बरं वाटायला हवं होतं. मला फक्त एवढंच कळलं की असं सांगता येतं. आठ दिवसांनीही सांगता येतं. आणि सांगितल्यावर माणूस तिथेच, त्याच दारात, उभं राहू शकतं.

"सासूबाई, आता पडदे तुम्हीच धुवायचे," निखिलराव म्हणाले, आणि ताई कशाबशा हसल्या.

मग निखिलरावांनी ताटातली शेवटची सिगार उजेडात धरली. "ह्याच्यावर काय उमटलंय? बुरशी नाही ना मावशी?"

मी हातात घेतली. ती ताटलीवरून घसरून चादरीला टेकली असणार. काळ्या मऊ पानावर एका बाजूला विणीची जाळी उमटली होती. उभे धागे, आडवे धागे, बारीक बारीक चौकटी. एक गाठसुद्धा.

"कापडावर झोपली होती," मी म्हटलं.

बोलून झालं आणि माझं बोट त्या जाळीवरच थांबलं. मी दाराची चौकट धरली. "काय झालं?" ताई म्हणाल्या. मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला, आणि त्याही तिथेच पाटावर बसल्या.

छाट निघालेली सिगार निखिलरावांनी मला दिली, टाकू नका म्हणून मीच मागितली. आता ती माझ्यासमोर कागदावर आहे. घरात तिचा वास भरला आहे. बाहेर गल्लीत कुणाची तरी कात्री चालू आहे.

ओलं गोणपाट जाड विणीचं असतं. मी त्यावर तासन् तास गाल टेकून झोपले होते. उठले तेव्हा माझ्या गालावर काय असणार, ते चौथी शिकलेल्या पोरीला कळलं नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईलाही कळलं नाही, परवापर्यंत. गोणपाट माझ्या अंगाखालून काढून पानांवर परत कुणी ठेवलं, तेही आता कळलं.

चेकरसमोर उभी राहायच्या आदल्या संध्याकाळी अम्मानं ते सगळं वाचलं होतं. उभे धागे, आडवे धागे, चौकटी. आणि मग पान ओलं आहे का बघावं तसा, खाच पडलेल्या नखाचा अंगठा तिनं माझ्या गालावरून एकदाच, हळू, फिरवला होता.